एकोणिसावी मागणी

निमोणे
१२ सप्टेंबर २०२५

इंद्रजीत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडशील, असं शहाबानो म्हणते. फाड, पण आधी एवढं वाच. वैकुंठ चतुर्दशीला तुझ्या आईंचं वर्षश्राद्ध आहे आणि मला राहूला यायचं आहे. नीलमवहिनींनी शहाबानोला फोनवर सांगितलं. आपलं बोलणं बंद झालं तसं बायकांचंही झालं असेल, असं मी धरून चाललो होतो. दीड वर्ष त्या दोघी पंधरा दिवसांनी बोलत होत्या, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. आपण दोघांनी अबोला धरला, पण घरं काही त्यात सामील नव्हती.

माझा फोन तू उचलत नाहीस. मेसेजला एकच टिक येते. म्हणून पोस्टाचं पाकीट. गाडीवर तासाभराचं अंतर, पण पत्राला किती दिवस लागतील ते पोस्टातल्या बाईंनाही सांगता आलं नाही. "कोण लिहितंय आता?" म्हणाल्या आणि तिकीट शोधायला उठल्या.

मला यायचं आहे ते बोलायला. आपल्याकडे दशक्रियेला पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं माईकवर गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. आईंच्या दशक्रियेला ते चार शब्द माझे असायला हवे होते. सतरा वर्षं त्यांनी तुझ्या डब्यात माझी भाकरी जादा घातली. रमजानात सेकंड शिफ्ट असली की "निमोण्याच्याचा उपास कवा सुटतो?" असं तुला विचारून वेगळं फडकं बांधून द्यायच्या. आणि त्यांच्या दशक्रियेला आपल्या कंपनीच्या बसमधला एकही माणूस घाटावर नव्हता.

कुणी आलं नाही ते माझ्या ठरावामुळे. कंपनीनं व्हीआरएसची नोटीस लावली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवर टेम्पोच्या हौद्यात उभं राहून मी तो मांडला. जो त्या कागदावर सही करील, त्याच्या घरचं पाणी आपल्या बसमधला कुणी पिणार नाही, त्याच्या सुखदुःखाला कुणी जाणार नाही. बेचाळीस हात वर झाले. त्यात तुझाही होता. सोळाव्या दिवशी पहिली सही तुझी झाली.

मी गेटवर जे बोललो ते आजही मागे घेत नाही. प्रेस तीच, साचा तोच, निघणारा माल तोच, फक्त प्रेसपुढचा माणूस ठेकेदाराचा हवा होता, म्हणजे त्याला आजारी पडायचा, म्हातारं व्हायचा आणि वर तोंड करून बोलायचा अधिकार राहणार नव्हता. हे आपल्या एका कारखान्याचं नव्हतं. एक सही झाली की दुसऱ्याचा हात सैल होतो. ही गोष्ट खरी होती आणि खरी आहे.

माझं म्हणशील तर मला सस्पेंड केलं, चौकशी लावली आणि शेवटी बाहेर काढलं. तुझ्या कानावर आलंच असेल. हल्ली शहाबानोच्या भावाच्या, फिरोजच्या कांद्याच्या वखारीत वजनकाट्याजवळ बसतो.

मला दहा मिनिटं दे. आईंबद्दल बोलेन, दुसरं काही बोलणार नाही.

इनुस मुलाणी


निमोणे
२३ सप्टेंबर

इंद्रजीत,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन दिसला की वखारीतून बाहेर येतो, तो मान हलवतो, मी परत आत जातो.

या वर्षात मी अकरा दशक्रियांना बोललो. घोडनदीच्या घाटावर, न्हावऱ्याला, एकदा पार दौंडला. मेलेल्या माणसाला मी ओळखत असतोच असं नाही. कोणीतरी फोन करतं, "भाऊ, चार शब्द तुमचे पाहिजेत." मी जातो. निवेदन बहुतेक वेळा बापूसाहेबांकडं असतं. ते साखर कारखान्याचे माजी संचालक, सगळ्यांच्या मयतीला पुढच्या खुर्चीत. माझा हात धरून माईकजवळ नेतात आणि सांगतात, "हा आपला इनुस. कंपनीपुढं सगळे वाकले, हा गडी वाकला न्हाई." लोक माना डोलावतात. आपल्या जागी प्रेसवर जी पोरं उभी आहेत, ती पुरवण्याचा ठेका बापूसाहेबांच्या पुतण्याकडं आहे. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे आणि मला वाटतं घाटावरच्या निम्म्या लोकांना माहीत आहे. तरी ते म्हणतात आणि मी मान खाली घालून ऐकतो.

मग मी बोलतो. पूर्वी बोलायला लागलो की छातीत काहीतरी पेटायचं. आता शब्द येतात, ओळीनं येतात, बाया पदरानं डोळे पुसतात आणि मी घाटाच्या पायऱ्या मोजत असतो.

हे फक्त बोलण्याचं नाही. आमच्या सुमैयाला घटक चाचणीला गणितात पहिला नंबर आला. पेपर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी पेपर बघितला आणि म्हणालो, "पुढचं आण." कांद्याची गोणी काट्यावरून उतरली की हमालाला म्हणतो तसं. ती पेपर घेऊन आत गेली.

पहाटे पाच दहाला अजून जाग येते. तुझी बस राहूहून निघून भीमेचा पूल ओलांडून फाट्यावर यायची ती वेळ. तू खिडकीची जागा धरायचास आणि माझ्या जागेवर वर्तमानपत्र टाकून ठेवायचास. बस अजून आहे, पण आता फाट्यावर थांबत नाही. निमोण्याचं चढणारं कुणी राहिलं नाही. फाट्यावरच्या बानूबाईंची टपरी पाचला उघडायची, आता आठला उघडते. परवा मी विचारलं तर म्हणाल्या, "तुमची बस गेली आन् माझी पहाट गेली. आता झोपून राहते झालं." त्यांना कुणी व्हीआरएसचा कागद दाखवला नव्हता. त्यांच्या सहीची कुणाला गरजच पडली नाही.

पोपट तुला आठवत असेल. शेवटच्या सीटवर बसून सगळ्यांच्या नकला करायचा. त्याचं लग्न मोडलं. सोयरीक जमली तेव्हा तो पर्मनंट होता. मुलीच्या मामानं सांगितलं, "कोर्टातल्या तारखेला आमची पोरगी द्यायची का?" ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हरची नोकरी त्याला आली होती, तीही त्यानं सोडली. दुसरीकडं लागलो तर केस हलकी होईल, असं त्याला कुणी सांगितलंय. सही केली नाही म्हणून कंपनीनं गेटबाहेर ठेवलेले एकतीस जण कोर्टाच्या निकालाची वाट बघत अजून असेच बसलेत. पोपट वखारीत येतो, गोणीवर बसतो आणि म्हणतो, "भाऊ, लय वेळा वाटतं जाऊन सही करावी. मग वाटतं, इनुसभाऊंनी न्हाई केली, मी कशी करू?"

मी काटा बघत राहतो.

दहा मिनिटं जास्त वाटत असतील तर पाच दे.

इनुस


निमोणे
५ ऑक्टोबर

इंद्रजीत,

आज तुला काही मागायचं नाही.

सुमैयाला कच्च्या गणितांसाठी पाठकोरे कागद हवे होते. मी म्हणालो, युनियनच्या पिशवीत बघ. तिनं एक गठ्ठा काढला. माझ्या हातचा मागणीपत्राचा पहिला खर्डा. सत्तावीस मागण्या, प्रत्येकीपुढं मी केलेल्या खुणा. ती वाचत बसली. तिला वाचायची सवय मीच लावली.

"अब्बा, ही एकोणिसावी का खोडली?"

मी कागद हातात घेतला. लिहिलेलं असं होतं: "कामगाराच्या घरी डायलिसिसवरील अथवा तशाच दीर्घ आजाराचा माणूस असल्यास, त्या कामगारास आपली शिफ्ट निवडता यावी." वर लाल शाईची रेघ. सरळ. मी पट्टी लावून मारली होती.

मी म्हणालो, "ती वैयक्तिक होती."

"म्हणजे?"

"एकाच माणसाची होती."

"बाकीच्यांच्या घरी कुणी आजारी पडत नाही?"

मी वीस वर्षं गेटवर, चौकात, कलेक्टर कचेरीसमोर बोललोय. पोलिसांना उत्तरं दिली, साहेबांना दिली. तिच्यापुढं मी तो कागद उलटसुलट करत राहिलो. ती बाकीच्या कागदांच्या पाठीमागं गणितं करायला लागली. त्या एका कागदावर करू नको, एवढंच म्हणालो.

तू मला हे बसमध्ये सांगितलंस. फाटा सोडल्यावर. मला तेव्हाचं सगळं आठवतं, हेच वाईट आहे. तू म्हणालास, "आईला मंगळ, गुरू, शनी दौंडला न्यावं लागतं. सकाळी नऊला नंबर असतो. फस्ट शिफ्ट आली की माझी पंचाईत. नीलमला घेऊन जा म्हणतो तर म्हातारी सुई टोचताना दुसऱ्याचा हात धरत न्हाई. इनुस, मला सुट्टी नको, पगार नको. फक्त शिफ्ट निवडू द्या म्हणावं." मी म्हणालो, लिहितो. आणि लिहिली.

कमिटी बसली तेव्हा तू खिडकीशी होतास. एकोणीस नंबर वाचायची वेळ आली तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत मीच रेघ मारली आणि म्हणालो, "मागणीपत्र वर्गाचं असतं, घराचं नसतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाक्य मलाही आवडलं. नंतर दोनतीन ठिकाणी वापरलं. तू खिडकीबाहेर बघत होतास. त्या दिवशी संध्याकाळी बसमध्येही माझ्या जागेवर वर्तमानपत्र होतं.

सात महिन्यांनी तू सही केलीस. मी गेटवर म्हणालो, इंद्रजीत विकला गेला. तुला काय हवं होतं ते माझ्याच अक्षरात माझ्या पिशवीत होतं. तुला मंगळ, गुरू आणि शनी हवे होते. युनियननं दिले नाहीत, कंपनीनं दिले नाहीत, म्हणून तू नोकरी देऊन ते घेतलेस.

एवढी पुस्तकं वाचली. माणसाच्या पोटापासून राज्य कसं चालतं ते मी तासभर समजावून सांगू शकतो. पण म्हातारीची सुई आणि कारखान्याचा भोंगा यांची वेळ एकच आहे, ही साधी गोष्ट राजकारण आहे, हे मला पंधरा वर्षांच्या मुलीनं विचारल्यावर कळलं. आपण कंपनीला म्हणत होतो की माणूस म्हणजे फक्त हात नव्हेत. आणि आम्हीही तुझा फक्त वर गेलेला हात मोजला.

हे लिहिताना मला रडू यायला हवं. येत नाही. कागद घडी घालून वेगळा ठेवलाय.

इनुस


निमोणे
१५ ऑक्टोबर

इंद्रजीत,

पहिल्या पत्रात मी "बाहेर काढलं" असं लिहिलंय. ते खोटं आहे.

मी सही केली. गेल्या वर्षी १९ सप्टेंबरला, दुपारी. शिक्रापूरच्या अलीकडं हायवेवरच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावर. पर्सोनेलच्या अनुपमा मॅडम आल्या होत्या. तिशीच्या असतील. मला सर म्हणाल्या. म्हणाल्या, "तुमची भाषणं आम्ही ऑफिसात ऐकायचो सर, खिडकी उघडून." मग म्हणाल्या की केस दहा वर्षं चालेल, सस्पेन्शन काढून घेऊ, कागदावर स्वेच्छानिवृत्ती लिहू आणि आमच्याकडून कुणालाही कळणार नाही. मी सगळी पानं वाचली. मराठी प्रतीत एक वाक्य कच्चं होतं, ते मी त्यांना दुरुस्त करून दिलं. मग सही केली. त्यांनी चहा मागवला. मी प्यालो. दोन बिस्किटंही खाल्ली.

का केली हे लिहायला तीनदा बसलो. सुमैयाचं शिक्षण, घर, असं काहीही लिहिता येईल आणि ते खोटं नसेल. पण त्या दिवशी त्यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मी थकलो होतो. कुणीतरी नम्रपणे खुर्ची पुढं सरकवली आणि मी बसलो.

खाली उतरलो तर पोपटचा फोन आला होता. मी त्याला म्हणालो, चौकशीच्या कामाला आलोय. दोन आठवड्यांनी गावात सांगितलं की मला काढलं. कुणी कागद मागितला नाही. माझा कागद कोण मागणार?

आता खरं ते ऐक. यासाठी हे पत्र आहे.

आई गेल्या तेव्हा माझ्या सहीला दोन महिने होत आले होते. दशक्रियेच्या आदल्या दिवशी सात-आठ जण फाट्यावर आले. पोपट म्हणाला, "भाऊ, म्हातारीच्या भाकरी आपण समद्यांनी खाल्ल्यात. इंद्रजीतचं ऱ्हाऊ द्या, म्हातारीनं काय सही केली व्हती? जाऊन येऊ." सगळे माझ्याकडं बघत होते. मी एक शब्द बोललो असतो तर बस भरून माणसं तुझ्या घाटावर आली असती.

मी म्हणालो, "ठराव हा ठराव असतो."

सही केलेला कागद तेव्हा घरात कपाटात होता, शहाबानोच्या साड्यांखाली. मी घरी जाऊन जेवलो.

काल शहाबानोला सांगितलं. ती भांडी लावत होती. मागं न बघता म्हणाली, "मला माहीत हाय. कपाट कोण लावतं?" मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही जगाला सांगत फिरत होता. मला कवा सांगता, त्याची वाट बघत होते."

एकतीस जणांना माहीत नाही. ते माझ्याकडं बघून बसलेत. तुझ्या वर्षश्राद्धाला माईकवर उभा राहून मी हे सांगेन. सगळ्यांसमोर. आईंच्या फोटोसमोर. कसं बोलायचं ते मनात तयार आहे.

इनुस


निमोणे
२७ ऑक्टोबर

इंद्रजीत,

नीलमवहिनींचा फोन आला. शहाबानोनं स्पीकरवर टाकला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांनी चारी पत्रं वाचली. मला वाचून न्हाई दाखवली, पण घडी घालून आईंच्या फोटोमागं ठेवलीत. निरोप हाय, जसा दिला तसा सांगते. 'ये म्हणावं. बसमधली सगळी घेऊन ये. भाषण न्हाई. माईक न्हाई. सहीचं त्याचं त्यानं सांगायचं, मी कुणाला सांगणार न्हाई.' संपलं."

मी विचारलं, "आणखी काही?"

"आणखी म्हणाले, फोटोसमोर नाटक नको."

दोन दिवस मला राग आला होता. वर्षभरात पहिल्यांदा काही आलं, तर ते हे. माईक नाही तर मग कसं सांगायचं, असं तुला विचारायला हे पत्र घेतलं होतं. पण लिहिता लिहिता कळलं की तुला ते माहीत आहे. माईकवर सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, काय बोलला! डोळे पुसले असते. त्या वाक्याचाही मी नंतर दोनतीन ठिकाणी वापर केला असता.

काल फाट्यावर सगळ्यांना बोलावलं. पंचवीस आले. मी म्हणालो, राहूला वर्षश्राद्धाला जायचंय.

पोपट म्हणाला, "आन् ठराव?"

"मी मांडला होता, मी मागं घेतो."

"आस्सं? हात वर केले बेचाळीस जणांनी आन् मागं घेणार एकटे तुम्ही? मग तवा आमचे हात कशाला पाहिजे व्हते, खाज आली म्हणून?" सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, "चला, पण. म्हातारीसाठी जाऊ. इंद्रजीतशी मी बोलणार न्हाई. जेवणार आन् उठणार."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माणसं समोर होती, मोकळी होती, हसत होती. बानूबाईंनी चहा ओतला. मी चहाचे पेले वाटले.

येतोय. चतुर्दशीला, अकरापर्यंत.

इनुस


निमोणे
७ नोव्हेंबर

इंद्रजीत,

तू तिथंच होतास, तरी लिहितो. माझ्या बाजूनं काय झालं ते तुला माहीत नाही, आणि काल पुन्हा काही झालं.

दोन जीपमधून अठरा जण आलो.  तुझ्या अंगणात मांडव, आईंचा फोटो, खाली पंगतीसाठी सतरंज्या. माझे हात सवयीनं माईक शोधत होते. तू आलास. दीड वर्षानं बघितलं तुला. बारीक झालास. वाटलं काही म्हणशील. तू आमटीची बादली माझ्या हातात दिलीस आणि ओगराळं वर ठेवलंस.

"वाढायला घे."

तुझे चुलते खाटेवर होते. म्हणाले, "ह्यो वाढणार?"

तू म्हणालास, "आप्पा, आईनं ह्याला सतरा वर्सं वाढलं. आज ह्यो वाढंल."

मला तेव्हाही रडू आलं नाही. बादली जड होती, एवढं आठवतं.

आपल्या बसची माणसं एका ओळीत बसली होती. मी पहिल्याच्या पानावर आमटी वाढली आणि वाकलेलाच म्हणालो, "मी सही केलीय. गेल्या वर्षी सप्टेंबरात." तो म्हणाला, "काय?" दुसऱ्यांदा म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग भाताकडं. दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं. एका माणसाला एक वाक्य. माईकवर मी कधी एवढ्या लहान आवाजात बोललो नव्हतो आणि वाक्याच्या पुढं मागं काही लावता येत नव्हतं, कारण पुढचा माणूस भात कोरडा ठेवून बसला होता. पाचव्याच्या पुढं मला सांगावं लागलं नाही. माझ्या बादलीच्या आधी बातमी ओळीत पुढं गेली होती. तरी मी प्रत्येकाला सांगितलं. कुणी "बरं" म्हणालं, कुणी भाताला आळं करत राहिलं. एकजण म्हणाला, "आमटी पातळ झालीय." त्याचे मी आभार मानायला हवे होते.

पोपट शेवटचा. मी त्याच्यापाशी पोचलो तेव्हा त्यानं पानावर पंजा आडवा धरला होता.

"पोपट, मी—"

"कळलं. पुढं व्हा."

पुढं कुणी नव्हतं. मी बादली घेऊन तिथंच उभा. पंगत सुरू झाली. सगळे जेवायला लागले. पोपट पंगतीतून उठला नाही, सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नसतं म्हणून. कोरड्या भातावर हात धरून समोर बघत बसला. त्याचं मोडलेलं लग्न, सोडलेली नोकरी, माझ्या वखारीतल्या गोण्यांवर काढलेल्या दुपारी, सगळं त्या पंजाखाली होतं आणि मला ते कुठल्याही शब्दानं उचलता येत नव्हतं.

तू मांडवाच्या त्या टोकाहून आलास. माझ्या हातातलं ओगराळं घेतलंस.

"ह्याला मी वाढतो."

पोपटनं तुझ्याकडं बघितलं. ज्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही असं आपण ठरवलं होतं तो तू. बराच वेळ बघितलं. मग हात काढला. तू दोन ओगराळी घातलीस. तो मान खाली घालून जेवला, दुसऱ्यांदा मागून घेतलं. माझ्या हातचं नाही, तुझ्या हातचं.

निघताना तू मांडवाच्या खांबाला टेकून म्हणालास, "चहा घेतोस? का आधी ठराव मांडायचा?" मी घेतला. उभ्यानंच. नीलमवहिनींनी साखर घातली नव्हती की मला लागली नाही, माहीत नाही. तू हसला नाहीस. पण पेला तू परत घेतलास, स्वतः.

आता कालचं. पोपट वखारीत आला. पहिल्यांदाच गोणीवर बसला नाही.

"तुमच्या सहीचा कागद द्या. वकिलाकडं चाललोय आम्ही एकतीस जण. तुमच्याशिवाय केस कशी चालंल ते इचारायचंय. आन् दुसरीकडं काम धरलं तर चालतं का, तेबी इचारायचंय. दीड वर्स इचारलंच न्हाई. तुम्हाला इचारलं की झालं, असं वाटायचं."

मी म्हणालो, "मी येऊ का बरोबर?"

"कशाला? आम्हाला तोंडं हायेत."

मी कागद दिला. त्याच्याबरोबर मागणीपत्राचा तो खर्डाही दिला. त्यानं उलगडला, लाल रेघ बघितली, ओठ हलवत वाचलं.

"ही कुणाची?"

"इंद्रजीतची."

"आन् खोडली कुणी?"

 तो माझं अक्षर ओळखतो.

त्यानं कागद पुन्हा घडी केला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणाला, "माझ्या बापाचंबी बीपीचं झालंय. ठेवतो ही."

मी चहा मागवला होता. त्याच्यासमोर पेला धरला. तो पेल्याकडं बघून म्हणाला, "न्हाई, भाऊ. सही करील त्याच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई. तुमचाच ठराव हाय. इंद्रजीतपुरता परवा मोडला. तुमच्यापुरता हाय अजून." रागानं नाही म्हणाला. नियम सांगावा तसं. मग गेला.

मी पेला वजनकाट्याच्या फळीवर ठेवला. गोण्यांचा काटा आहे, तेवढ्या वजनाला तो हलत नाही. शून्यावरच राहिला. चहावर साय धरेपर्यंत मी तिथं उभा होतो. मग सुमैया शाळेतून आली, काट्याजवळ थांबली आणि विचारलं, "कुणाचा चहा आहे हा?"

मी तिला सांगायला बसलो, अगदी पहिल्यापासून. तुझ्या बसमधल्या बोलण्यापासून.

इनुस